झाडाच्या नावामागचा ‘एफ. म्युएल.’

खलबत्ता

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होते, आज धागा काढायचं धाडस करतेय. लांबलाय, चहा घेऊन बसा.

लेकीला शाळेतून सुट्टीचा अभ्यास मिळाला होता. घराजवळची दहा देशी झाडं शोधा आणि त्यांची शास्त्रीय नावं लिहा. ‘देशी’ म्हणजे इथली, ऑस्ट्रेलियाची. झाडं तिने शोधली, नावं शोधायचं काम आईच्या गळ्यात. आमच्या डी. फार्म.च्या जर्नलमध्ये प्रत्येक वनस्पतीच्या नावापुढे ‘एल.’ लिहायचो. ती लिनियसची खूण, म्हणजे ज्या शास्त्रज्ञाने नाव ठेवलं त्याच्या नावाचं लघुरूप, एवढं मला अजून पाठ आहे. इथे बघते तर ‘एल.’ औषधालाही नाही. जिकडेतिकडे ‘एफ. म्युएल.’! हा कोण बाबा म्हणून खोदत गेले, तर आमच्याच जातीचा निघाला. जात म्हणजे औषधवाल्यांची.

फर्डिनांड म्युलर. जन्म ३० जून १८२५, बाल्टिक समुद्रावरच्या रोस्टॉक बंदरात. वडील जकात खात्यात होते, ते लवकर गेले. आई मुलांना घेऊन माहेरी ट्योनिंगला आली आणि फर्डिनांड पंधरा वर्षांचा असताना तीही गेली. त्याच वयात तो हुसुम गावातल्या औषधालयात उमेदवारीला लागला. (तेव्हा जर्मनी असा एक देश नव्हता. हुसुम आणि कील दोन्ही डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली. जर्मन माणूस, डॅनिश राजा, आणि पुढे प्रजा झाला ती इंग्रजांच्या राणीची.)

तेव्हाचा औषधवाला म्हणजे आजच्यासारखी पट्टीतून गोळी कापून देणारा नव्हे. मुळं, साली, पानं ओळखायची, वाळवायची, कुटायची, भेसळ पकडायची आणि बरणीत भरून वर चिठ्ठी लावायची. वनस्पतिशास्त्र हा छंद नव्हता, पोटापाण्याचाच भाग होता. त्यामुळे तिथल्या कितीतरी वनस्पतिशास्त्रज्ञांची सुरुवात खलबत्त्यापासून झालेली दिसते. (नाव बदलू का माझं?) म्युलर रानोमाळ हिंडून वनस्पती जमवू लागला, कील विद्यापीठात शिकला आणि १८४७ मध्ये, बाविसाव्या वर्षी, डॉक्टर झाला.

घरात क्षय होता. उबदार हवेच्या देशात जा, असा सल्ला मिळाला. त्याच वर्षी दोन बहिणींना घेऊन तो जहाजात बसला आणि डिसेंबर १८४७ मध्ये ॲडलेडला उतरला. तिथे एका जर्मन औषधवाल्याच्या दुकानात नोकरी धरली. मध्येच मित्राबरोबर शेती करायला गेला, काही महिन्यांत परत आला. मन सगळं रानात. फ्लिंडर्स डोंगररांगांपर्यंत भटकून नमुने गोळा करायचा आणि युरोपात पाठवायचा.

१८५२ मध्ये तो मेलबर्नला आला. सोन्याच्या खाणी सापडल्या होत्या, माणसांचे लोंढे येत होते, त्यांच्या वाटेवर औषधांचं दुकान टाकावं असा व्यावहारिक विचार. दुकान कधी निघालंच नाही. जानेवारी १८५३ मध्ये गव्हर्नर ला ट्रोबने त्याला व्हिक्टोरिया वसाहतीचा सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ नेमलं आणि मरेपर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षं, तो त्या पदावर राहिला.

पहिली काही वर्षं घोड्यावरच गेली. व्हिक्टोरियातला आल्प्स म्हणतात तो डोंगराळ मुलूख त्याने बहुतेक एकट्याने पालथा घातला. १८५५-५६ मध्ये ऑगस्टस ग्रेगरीच्या मोहिमेबरोबर उत्तर ऑस्ट्रेलियात गेला. १८५७ मध्ये मेलबर्नच्या बोटॅनिक गार्डनचा संचालक झाला आणि तिथेच हर्बेरियम उभं केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हर्बेरियम म्हणजे वाळवून, दाबून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचं दफ्तर. कुठे मिळाली, कधी, कुणी आणली, सगळं शेजारी लिहिलेलं. ते दफ्तर आज साधारण पंधरा लाख नमुन्यांचं आहे. नव्या वनस्पतींची वर्णनं तो लॅटिनमधून भागाभागांनी छापत राहिला. दोन हजारांहून अधिक जाती त्याने पहिल्यांदा शास्त्रात आणल्या. मॅकाडेमिया हे नाव त्याचंच, जॉन मॅकॅडम या मित्रावरून ठेवलेलं. जगातल्या सर्वांत उंच सपुष्प वृक्षांपैकी एक, युकॅलिप्टस रेग्नन्स, हे बारसंही त्याचंच. रेग्नन्स म्हणजे राज्य करणारा. टास्मानियातलं त्या जातीचं एक झाड साधारण १०० मीटर उंच आहे.

एवढं करून हाती काय आलं? संपूर्ण ऑस्ट्रेलियाच्या वनस्पतींचा ग्रंथ आपण लिहावा ही त्याची आयुष्याची इच्छा. इंग्लंडातल्या क्यू बागेच्या मंडळींचं म्हणणं, जुने मूळ नमुने आमच्याकडे आहेत, ते बघितल्याशिवाय हे काम होणार नाही. म्युलर तर मेलबर्न सोडायला तयार नाही. शेवटी काम इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज बेंथमकडे गेलं, आणि बेंथमने ऑस्ट्रेलियात कधी पाऊलही टाकलं नव्हतं! म्युलरने काय करावं? रुसला, कुरकुरला, आणि आपले नमुने कुळागणिक पेट्यांत भरून जहाजाने लंडनला पाठवत राहिला. ते परत येत, पुढचं कूळ जाई. ‘फ्लोरा ऑस्ट्रेलिएन्सिस’चे सात खंड १८६३ ते १८७८ असे पंधरा वर्षं निघत होते. मुखपृष्ठावर बेंथम, खाली ‘म्युलर यांच्या साहाय्याने’. मला तर हे वाचून कसंतरीच झालं.

आता बागेची गोष्ट, कारण मला खरं तर तीच सांगायची आहे. म्युलरची बाग म्हणजे शिकायची जागा. झाडं कुळांप्रमाणे, उपयोगांप्रमाणे लावलेली. शाळा, चर्च, दफनभूमी, जो मागेल त्याला रोपं फुकट. मेलबर्नकर सोन्याने श्रीमंत झाले होते. त्यांना रविवारी छत्री घेऊन हिंडायला हिरवळ, फुलांचे ताटवे, पुतळे, कारंजी हवी होती. पेपरात टीका झाली, चौकशी बसली आणि १८७३ मध्ये त्याला संचालकपदावरून काढलं. सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ हे पद राहिलं, बागेतलं घर गेलं. त्याच्या जागी विल्यम गिलफॉइल आला. आज पर्यटक ज्या वळणदार हिरवळी आणि तळ्यांचे फोटो काढतात, ती गिलफॉइलची बाग. म्युलर जवळच भाड्याच्या खोल्यांत राहिला आणि पुन्हा बागेत फिरकला नाही असं सांगतात.

माझं मत विचाराल तर हा माणूस शेवटपर्यंत हुसुमच्या दुकानातच होता. झाड दिसलं की त्याला बरणी दिसायची. आत काय आहे, कुठल्या दुखण्यावर, कुणाला पाठवता येईल, चिठ्ठी लागली का. शोभा हा प्रश्न त्याला कधी पडलाच नाही. याच नजरेने त्याला मोठं केलं आणि याच नजरेने त्याची बाग घालवली.

आणि हो, आपल्या घरोघरची निलगिरीच्या तेलाची बाटली! मेलबर्नचा औषधवाला जोसेफ बोसिस्टो याला या पानांतून तेल काढून बघ असं सुचवणारा म्युलरच. १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला डँडेनाँग ओढ्याकाठी बोसिस्टोची भट्टी लागली आणि तिथून हा धंदा जगभर गेला. सर्दी झाली की रुमालावर दोन थेंब टाकताना त्याची आठवण काढा.

—

पेठेतला पोपट

वा! पहिल्याच धाग्यात षटकार. पण एक दुरुस्ती, म्हणजे आमचा स्वभावच तो.

निलगिरी पर्वतावर ब्लू गम, म्हणजे निलगिरीचीच एक जात, १८४०च्या दशकातच लागला होता. म्हणजे म्युलर अजून हुसुमला पुड्या बांधत होता तेव्हा. आपण झाडाला ‘निलगिरी’ म्हणतो ते त्या डोंगरावरून. आणि ब्लू गमचं शास्त्रीय नाव म्युलरचं नव्हे, लाबियार्दिएर नावाच्या फ्रेंचाचं. त्यामुळे ‘निलगिरी म्युलरने दिली’ असा समज कुणी करून घेऊ नये.

बाकी लेख झकास. वाचनखूण साठवली.

—

खलबत्ता

पोपटराव, बरोबर आहे आणि मी तसं म्हटलेलंही नाही. तेल म्हटलंय, झाड नाही! :)

पण भारताशी त्याचा धागा आहेच. कुठली उपयोगी झाडं कुठल्या हवामानात लावता येतील याची त्याने एक भली मोठी अकारविल्हे यादी केली होती, १८७६ मध्ये. तिची खास भारतीय आवृत्ती १८८० मध्ये कलकत्त्याला निघाली. मग जर्मन, मग अमेरिकन. जगभरच्या वनखात्यांना बियाणांच्या पुड्या पाठवणं हा तर त्याचा नित्यक्रम होता. हुसुमची पुडी सुटली नाही, फक्त लांब जायला लागली.

—

सागवान

मी वनखात्यात नोकरी करून निवृत्त झालो. १९८०च्या दशकात सामाजिक वनीकरणाखाली आम्ही निलगिरीची रोपं वाटली. शेताच्या बांधावर, गायरानात, रस्त्याकडेला. लवकर वाढतं, गुरं तोंड लावत नाहीत, बल्ली विकली जाते. शेतकरी रांग लावून न्यायचे. पाच-सहा वर्षांनी तेच शेतकरी भांडायला आले. बांधाशेजारच्या दोन ओळींत ज्वारी येईना, विहीर खाली गेली. ‘साहेब, हे झाड हाये का पंप?’ हे वाक्य मी एका तालुक्यात तरी दहा वेळा ऐकलं असेल.

निलगिरी पाणी किती पिते यावर तज्ज्ञांचे वाद आहेत, मी त्यात पडत नाही. ओल भरपूर असेल तिथे ती भरपूर ओढते, एवढं डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या म्युलरसाहेबांनी याबद्दल काही लिहिलंय का?

—

खलबत्ता

सागवान काका, गंमत अशी की त्याने याच गुणासाठी हे झाड डोक्यावर घेतलं होतं! दलदलीच्या भागात हिवताप असतो, ब्लू गम लावला की दलदल आटते आणि ताप हटतो, असा प्रचार त्याने युरोपभर केला. अल्जीरियात लागवड झाली. रोमजवळच्या त्रे फोंताने मठात तापाच्या भीतीने कुणी राहायला धजत नव्हतं, तिथे ट्रॅपिस्ट साधूंनी शेकड्यांनी निलगिरी लावली. ‘फीवर ट्री’ हे टोपणनाव त्यातूनच आलं.

म्हणजे रोमच्या दलदलीत जो गुण, तोच आपल्या कोरडवाहू बांधावर अवगुण. चिठ्ठी बरोबर होती, रोगी बदलला.

—

डॉ. हिवाळे

डॉक्टर म्हणून एक पुरवणी. तेव्हा समज होता की दलदलीतून उठणारी दूषित हवा हिवताप आणते, आणि निलगिरीचा उग्र वास ती हवा शुद्ध करतो. दोन्ही चूक. पण झाडांनी पाणी ओढलं, डबकी आटली तर डास कमी होणारच. चुकीच्या कारणासाठी केलेला उपाय थोडाफार लागू पडला, असं वैद्यकात पुष्कळदा होतं.

रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी. म्युलर कधी वारला?

—

खलबत्ता

१० ऑक्टोबर १८९६. दहा महिन्यांनी चुकला हो डॉक्टर.

—

गोठलेला गिप्सलँडकर

मीही व्हिक्टोरियातच. लेख चांगला आहे पण माझा म्युलरवर वैयक्तिक राग आहे. आमच्या परसात मागच्या ओढ्याकडून ब्लॅकबेरी घुसते. दरवर्षी हातमोजे, कोयता आणि पाठदुखी. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं हे आलं कुठून, तर म्हणाला, ‘ब्लेम द बॅरन!’ आधी वाटलं कुणी स्थानिक गुंड असेल.

तर हा बॅरन म्हणजे म्युलरच, डोंगरात जाताना ब्लॅकबेरीचं बी टाकत जायचा. का, तर वाट चुकलेल्या प्रवाशाला खायला चार फळं मिळावीत. आज ती देशातल्या सर्वांत उपद्रवी तणांच्या सरकारी यादीत आहे. बरणीची उपमा छान आहे ताई, पण झाकण लावायचं राहिलं याचं.

—

चिंचगुळाची आमटी

गिप्सलँडकर :D :D

आपल्याकडची घाणेरी तशीच की. शोभेची म्हणून आली आणि सह्याद्री खाऊन बसली. निदान ब्लॅकबेरीचा जॅम तरी होतो.

—

खलबत्ता

गिप्सलँडकर, राग मान्य. एवढंच म्हणेन की तो एकटाच नव्हता. त्या काळी सगळ्या वसाहतींत ‘इकडचं तिकडे लावा’ ही हौस होती, ससे आणि कोल्हे सोडणारे महाभाग वेगळेच. पण याचा हात सगळ्यांत लांब होता, त्यामुळे चूकही लांबवर गेली. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं, जरा प्रेमात पडले होते त्याच्या.

—

मफलर

प्रेमात पडले म्हणताय, लग्न झालं होतं का त्याचं? (माझा आयडी बघून हसू नका, थंडी सोसत नाही.)

—

खलबत्ता

मफलर, तुमचा आयडी आणि त्याची ओळख एकच! छातीच्या आजाराची इतकी धास्ती की म्युलर बाराही महिने गळ्याला मफलर गुंडाळून असायचा. फोटोंतही दिसतो. छातीवर पदकंही भरपूर, ती मिरवायची त्याला भारी हौस. वुर्टेम्बर्गच्या राजाने १८७१ मध्ये सरदारकी दिली, तेव्हापासून तो ‘बॅरन’. १८७९ मध्ये इंग्रजांनी ‘सर’ केलं. १८८८ मध्ये रॉयल सोसायटीचं रॉयल मेडल. लग्न नाही. १८६३ मध्ये युफेमिया हेंडरसन या बाईंशी ठरलं होतं, मोडलं. पगार, बचत, सगळं पुस्तकं, नमुने आणि टपाल यांत जायचं. कोण राहणार याच्याबरोबर?

पण बायकांशी त्याचा एक वेगळाच व्यवहार होता आणि तो मला फार आवडला. वनस्पती जमवून पाठवा असं आवाहन तो वर्तमानपत्रांतून करायचा, आणि त्यात स्त्रिया आणि मुलींना खास बोलवायचा. दोनशेहून अधिक बायकांनी त्याला नमुने पाठवले. आडरानातल्या शेतावर, मेंढपाळांच्या वस्तीवर, दीपगृहाजवळ राहणाऱ्या बायका. कुणी समुद्रशेवाळ पाठवलं, कुणी मुलांकडून गोळा करून घेतलं. तो प्रत्येकीला उत्तर लिहायचा, कुणाकुणाचं नाव वनस्पतीला द्यायचा. विद्यापीठाची दारं बंद असलेल्या काळात आपलं नाव लॅटिनमध्ये छापून आलेलं बघून त्या बाईला काय वाटलं असेल! माझी आजी परसातल्या प्रत्येक पाल्याचा गुण सांगायची, तिला कुणी असं पत्र लिहिलं असतं तर?

—

तिरफळ

सगळे आरती ओवाळताहेत तर मी जरा पाणी ओततो.

‘पहिल्यांदा शास्त्रात आणलं’ म्हणजे नेमकं काय? मॅकाडेमियाचं फळ तिथले मूळ रहिवासी हजारो वर्षं खात होते, त्यांच्या भाषांत त्याला नावं होती. लाइशहार्ट नावाच्या शोधप्रवाशाने त्याचा नमुना १८४०च्या दशकात उचललेला होता. मग म्युलर आला आणि झाडाला अशा माणसाचं नाव दिलं ज्याचा त्या झाडाशी काडीचा संबंध नाही. ही बरणीवरची चिठ्ठी नव्हे, आधीची चिठ्ठी फाडून लावलेली नवी चिठ्ठी आहे.

आणि डोंगरांचं काय? काटा त्जुटाला शंभरावर वर्षं माउंट ओल्गा म्हणत होते. ती ओल्गा कोण, तेही सांगा की.

—

खलबत्ता

तिरफळ, झोंबलं पण बरोबर जागी.

ओल्गाचा किस्सा असा. १८७२ मध्ये अर्नेस्ट जाइल्स मध्य ऑस्ट्रेलियात निघाला, त्या मोहिमेमागे म्युलरचं बळ होतं. जाइल्सला एक खारं सरोवर आणि त्याच्या पलीकडे एक अजब डोंगर दिसला. तो म्हणाला, सरोवराला फर्डिनांड आणि डोंगराला म्युलर नाव देऊ. म्युलरने स्वतःचं नाव बाजूला केलं आणि सरोवर स्पेनच्या राजा अमादेओच्या नावे, डोंगर वुर्टेम्बर्गची राणी ओल्गा हिच्या नावे करायला लावला. आदल्याच वर्षी तिच्या नवऱ्याने त्याला बॅरन केलं होतं, हे लक्षात घ्या. नम्रता म्हणा नाहीतर परतफेड. डोंगराला पिटजंटजारा लोकांचं नाव काटा त्जुटा, म्हणजे ‘पुष्कळ डोकी’. आज तेच नाव पुढे लागतं, ओल्गा मागे गेली.

नावांबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. फक्त एक: हर्बेरियममधली चिठ्ठी फाडता येत नाही. त्यात जागा, तारीख असते. आज एखाद्या माळावरचं जंगल गेलं असेल तर तिथे १८५०च्या दशकात काय उगवत होतं हे त्या कागदावरूनच कळतं. नाव कुणाचंही असो.

—

तिरफळ

हे पटलं. अर्धं.

—

एल्बेकाठचा

हॅम्बुर्गहून लिहितोय. तुमच्या गोष्टीत आमच्या गावचा एक माणूस राहिला, आणि तोही औषधवालाच!

ओटो विल्हेल्म झोन्डर. जन्म १८१२. हॅम्बुर्गला त्याचं औषधालय होतं. दिवसभर दुकान आणि उरलेल्या वेळात वनस्पतिशास्त्र. आफ्रिका कधी न बघता आयरिश वनस्पतिशास्त्रज्ञ हार्वीबरोबर दक्षिण आफ्रिकेच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ सुरू केला, त्याचे पहिले तीन खंड दोघांचे. म्युलर ॲडलेडला होता तेव्हापासून समुद्रशेवाळाचे नमुने झोन्डरकडे यायचे आणि तो त्यांची वर्णनं छापायचा. म्हणजे एक औषधवाला दक्षिण गोलार्धात किनाऱ्यावर वाकून शेवाळ गोळा करतोय, दुसरा हॅम्बुर्गला गल्ल्यामागे बसून त्याला नाव देतोय.

झोन्डर १८८१ मध्ये गेला. त्याचा संग्रह प्रचंड होता, अडीच ते तीन लाख नमुने. १८८३ मध्ये तो कुणी घेतला असेल?

—

खलबत्ता

म्युलरने! मेलबर्नसाठी. एल्बेकाठचा, मला झोन्डर संग्रहाची खरेदी माहीत होती, पण तो पेशाने औषधवाला होता हे आत्ता तुमच्याकडून कळलं. अंगावर काटा आला.

आणि बघा ना, बेंथमच्या वेळी क्यूवाल्यांनी जे तोंडावर फेकलं होतं, की जुने नमुने तुझ्याकडे नाहीत, त्याचं उत्तर त्याने वीस वर्षांनी असं दिलं. युरोपातले जुने संग्रह एकेक करून ऑस्ट्रेलियात आणले. ग्रंथ तोवर छापून झाला होता, पण पुढच्या कुणाला लंडनची वारी कमी करावी लागेल एवढी सोय झाली.

—

पेठेतला पोपट

धाग्यापेक्षा प्रतिसाद भारी होत चाललेत. असेच येऊ द्या.

—

सोसायटीची सेक्रेटरी

माझं ज्ञान शून्य, प्रश्न बाळबोध. आमच्या आवारात सहा उंच, सरळसोट पाम आहेत, माळी त्याला ‘अलेक्झांडर’ म्हणतो. यातही तुमच्या बॅरनचा हात आहे का?

—

खलबत्ता

सेक्रेटरी मॅडम, अलेक्झांड्रा पाम असेल तर हो! क्वीन्सलँडचं झाड. इंग्लंडच्या युवराजाची बायको अलेक्झांड्रा, तिच्यावरून म्युलरने नाव दिलं. पुढे दुसऱ्यांनी ते वेगळ्या प्रजातीत हलवलं, त्यामुळे त्याचं ‘एफ. म्युएल.’ आता कंसात गेलंय. माळ्याने राजकन्येचा सिकंदर केला, ते आपल्याला परवडतं.

—

चिंचगुळाची आमटी

एक घरगुती प्रश्न. बाळाला सर्दी झाली की सासूबाई छातीला निलगिरी चोळतात, कधी साखरेवर एक थेंब टाकून चाटवायचं म्हणतात. चालतं का?

—

खलबत्ता

चाटवू नका! अजिबात नाही. लहान मुलाच्या पोटात थोडंसं तेल गेलं तरी झटके येऊ शकतात. बाळाच्या नाकाजवळ किंवा चेहऱ्याला लावू नका, चोळायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि बाटली वरच्या फळीवर ठेवा. यातला मुख्य घटक सिनिओल. औषधी दर्जाच्या तेलात तो किमान ७० टक्के असावा लागतो, म्हणजे चांगलंच जहाल. सासूबाईंना हा धागा वाचून दाखवा, माझ्या नावावर खपवा.

—

सागवान

जाता जाता. आमच्या जुन्या रेंज ऑफिसच्या आवारात एक झाड आहे, खोड अगदी गुळगुळीत, पांढरट गुलाबी, साल पापुद्र्यांनी निघते. आम्ही सगळे निलगिरीच म्हणायचो. पण इतर रोपांसारखं ते कधी वाटलं नाही. फोटो टाकता येत नाही मला. ओळखायचं कसं?

—

खलबत्ता

काका, फोटो नको. एक पान तोडा, चुरगाळा आणि नाकाशी धरा. लिंबाचा, म्हणजे सिट्रोनेलासारखा वास आला तर ती लिंबगंधी जात, तेल वेगळं, रुमालावर टाकायच्या कामाचं नाही. बाटलीतला ओळखीचा वास आला तर मग फळांची टोपणं बघावी लागतील. जमिनीवर पडलेली दोन-चार गोळा करून ठेवा आणि कशी दिसतात ते लिहा.

—

सागवान

उद्या सकाळी फिरायला तिकडेच जातो.